पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आणि आपले हृदय: किती खरे, किती ऐकीव?

"डॉक्टर, घराला रंग दिला तेव्हा पलंग फिरवला. यांचे डोके उत्तरेला आले आणि त्या रात्रीपासूनच त्रास सुरू झाला." माझ्या दवाखान्यात एका काकूंनी हे अगदी मनापासून सांगितले होते. काकांचे वय ५८, जुना रक्तदाब, गोळ्या कधी घेतलेल्या तर कधी राहिलेल्या. रात्री दोनच्या सुमारास छातीवर दडपण आले आणि घाम फुटला. घरच्यांनी पलंग पुन्हा फिरवला, ओव्याचे गरम पाणी दिले आणि सकाळची वाट पाहिली. सात वाजता ईसीजी काढला तेव्हा हार्ट अटॅक स्पष्ट दिसत होता. काका वाचले, पण मधल्या पाच तासांत हृदयाच्या स्नायूचे जे नुकसान झाले ते भरून आले नाही.

म्हणूनच हा विषय नीट समजून घ्यायला हवा. चुंबकत्वाचा हृदयाशी काहीच संबंध नाही, असे सरसकट म्हणता येत नाही. पण जो संबंध असू शकतो तो वेगळा आहे आणि जो सांगितला जातो तो वेगळा.

पृथ्वीचे चुंबकत्व किती ताकदीचे असते?

पृथ्वीच्या गाभ्यात वितळलेले लोखंड सतत फिरत असते. त्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होते. जमिनीवर त्याची ताकद जागेनुसार साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असते. आपल्या कोकणपट्टीत ती ४० ते ४५ मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे. फ्रिजवर चिकटवतो तो छोटा चुंबक जवळून याच्या साधारण शंभर पट ताकदवान असतो. एमआरआय मशीन तर १.५ टेस्लाचे, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीस हजार पटींहून अधिक. अशा मशीनमध्ये रुग्ण अर्धा-अर्धा तास झोपून तपासणी करून घेतात आणि त्यामुळे हृदय बंद पडत नाही.

रक्तात लोह असते, मग ते ओढले जात नाही का?

उत्तरेकडे डोके केले की रक्तातील लोह डोक्याकडे ओढले जाते, असा संदेश अनेकांच्या मोबाइलवर आलेला असतो. रक्तातील लोह हिमोग्लोबिनच्या रेणूत बांधलेले असते. ते खिळ्यातल्या किंवा तव्यातल्या लोखंडासारखे चुंबकाला चिकटत नाही. घरच्या घरी पाहायचे असेल तर फ्रिजवरचा चुंबक बोटाच्या टोकाला लावून बघा. बोट लाल होत नाही, रक्त तिथे गोळा होत नाही. शंभर पट ताकदीचा चुंबक जे करू शकत नाही, ते पृथ्वीचे क्षेत्र कसे करेल?

शिवाय हे क्षेत्र आपल्याभोवती चोवीस तास असते. चालताना, बसताना, गाडी चालवताना दिवसातून कितीदा तरी आपण दिशा बदलतो. परंपरा म्हणून दक्षिणेकडे डोके करून झोपायचे असेल तर जरूर झोपा, त्यात तोटा काहीच नाही. फक्त तो हृदयविकारावरचा उपाय समजू नका.

मग चुंबकीय वादळांचे काय?

इथे खरा वैज्ञानिक प्रश्न आहे. सूर्यावर मोठे उद्रेक झाले की विद्युतभारित कणांचा झोत पृथ्वीकडे येतो आणि चुंबकीय क्षेत्र काही तास ते दोन-तीन दिवस हेलकावते. याला भूचुंबकीय वादळ म्हणतात. सूर्याच्या साधारण ११ वर्षांच्या चक्रात ती कमी-जास्त होतात.

आपल्याकडे या नोंदींची जुनी परंपरा आहे. मुंबईत कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय मोजणी होत होती. सप्टेंबर १८५९ मधील प्रसिद्ध महावादळ तिथे नोंदले गेले, तेव्हा क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरले होते. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून हे काम अलिबागला हलवले आणि १९०४ पासून तिथे मोजणी सुरू आहे.

हे आकडे ताडून पाहू. १६०० नॅनोटेस्ला म्हणजे १.६ मायक्रोटेस्ला, म्हणजेच आपल्याकडच्या क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आत. मे २०२४ मध्ये आलेले वादळ वीस वर्षांतील सर्वांत मोठे होते आणि लडाखमधूनही आकाशात लाल प्रकाश दिसला. त्यात क्षेत्र घसरले ते साधारण एक टक्का.

इतक्या लहान बदलाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो का?

यावर अनेक दशके अभ्यास होत आहेत. १९७९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात सिकंदराबादच्या रुग्णालयांतील नोंदींवर आधारलेला अभ्यास आला. चुंबकीय हालचाल आणि हृदयरुग्णांची भरती यांत संबंध दिसतो, असे त्यात म्हटले होते. २०१४ मध्ये 'स्ट्रोक' या नियतकालिकात अकरा हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वादळाच्या काळात पक्षाघाताचा धोका सुमारे १९ टक्के जास्त आढळला. बोस्टन परिसरातील वयस्कर पुरुषांच्या अभ्यासात अशा दिवसांत हृदयाच्या ठोक्यांमधील नैसर्गिक चढउतार थोडे कमी झालेले दिसले.

दुसरी बाजूही आहे. उत्तर स्वीडन ध्रुवाजवळ असल्याने तिथे चुंबकीय वादळे जास्त तीव्रतेने जाणवतात. परिणाम मोठा असता तर तो तिथे ठळक दिसायला हवा होता. पण २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथे वादळे आणि हार्ट अटॅक यांचा संबंध आढळला नाही.

असे अभ्यास वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, एकाच वेळी घडणे म्हणजे एकामुळे दुसरे घडणे नव्हे. हार्ट अटॅकचे प्रमाण थंडी, प्रदूषण, ऋतू यांनुसारही बदलते आणि चुंबकीय वादळांनाही ऋतू असतो. त्यामुळे कारण कोणते हे वेगळे काढणे अवघड जाते. शरीरात नेमके काय घडते, याचेही पक्के उत्तर अजून मिळालेले नाही.

दुसरी, १९ टक्के हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. समजा, एखाद्या शहरात रोज पाच जणांना पक्षाघात होतो. १९ टक्के वाढ म्हणजे त्या दिवशी साधारण सहा जण. हा फरक आरोग्य विभागासाठी महत्त्वाचा असू शकतो, पण एका माणसासाठी तो फार लहान आहे. याउलट तंबाखू, नियंत्रणात नसलेला रक्तदाब आणि मधुमेह यांमुळे धोका कितीतरी पटींनी वाढतो, आणि तोही वर्षाचे ३६५ दिवस.

चुंबकाचे पट्टे, कडी, गादी यांनी बीपी कमी होतो का?

नाही. चुंबकीय ब्रेसलेट किंवा गादीमुळे रक्तदाब उतरतो किंवा हृदयातील ब्लॉक विरघळतात, याला विश्वासार्ह पुरावा नाही. महागडी गादी घेतली म्हणून बीपीच्या गोळ्या बंद केलेले रुग्ण मी पाहिले आहेत. नुकसान गादी करत नाही, ते बंद केलेल्या गोळ्यांमुळे होते.

चुंबकापासून खरोखर कोणी जपायचे?

ज्यांना पेसमेकर किंवा आयसीडी बसवला आहे त्यांनी. या यंत्रांवर जवळून चुंबक धरला तर त्यांचे काम तात्पुरते बदलते. पेसमेकर ठरावीक गतीने ठोके देऊ लागतो, तर आयसीडी गरज असूनही शॉक देणे थांबवू शकतो. पृथ्वीच्या चुंबकत्वाने असे होत नाही, घरातल्या वस्तूंनी मात्र होऊ शकते. म्हणून:

- मोबाइल छातीच्या खिशात ठेवू नका. फोन, इअरफोन आणि त्यांच्या डब्या यंत्रापासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवा. बोलताना विरुद्ध बाजूचा कान वापरा.
- चुंबकीय गादी, पट्टा, लॉकेट वापरू नका.
- इंडक्शन शेगडीपासून साधारण दोन फूट अंतर ठेवा.
- मेटल डिटेक्टरच्या कमानीतून न थांबता पुढे जा.
- एमआरआय सांगितला तर यंत्राचे कार्ड आधी दाखवा. आजकालच्या अनेक यंत्रांसह तो ठरावीक काळजी घेऊन करता येतो.

'आज रात्री चुंबकीय वादळ' असा संदेश आला तर?

घाबरू नका. फोन बंद करून लांब ठेवण्याची गरज नाही. उलट रात्री काही झाले तर तोच फोन लागेल. रोजच्या गोळ्या वेळेवर घ्या, पुरेशी झोप घ्या. काळजीनेही धडधड वाढते. अशा वेळी शांत बसून पाच मिनिटांनी नाडी मोजा. विश्रांतीच्या स्थितीत मिनिटाला ६० ते १०० ठोके सामान्य असतात.

ही लक्षणे असतील तर वाट पाहू नका

- छातीत दडपण किंवा जळजळ, वेदना डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे
- दरदरून घाम, धाप, चक्कर. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेहींमध्ये छातीत न दुखताही अटॅक येऊ शकतो
- तोंड वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे

लगेच १०८ वर फोन करा आणि ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात जा. रुग्णाला चालवू नका, गाडी चालवू देऊ नका. हार्ट अटॅकची शंका असेल तर ॲस्पिरिन द्यायची का, हे फोनवरच डॉक्टरांना विचारा. पक्षाघाताची लक्षणे असतील तर ॲस्पिरिन स्वतःहून देऊ नका. पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि हार्ट अटॅकमध्येही जितका लवकर उपचार, तितका स्नायू वाचतो.

त्या काकांचा पलंग आता कोणत्या दिशेला आहे, हे मी विचारत नाही. दर महिन्याला ते येतात तेव्हा विचारतो ते एवढेच, "काका, गोळ्या रोज घेतल्या ना?"