तासाला एक टक्का

हृदयाच्या तपासणीसाठी आलेल्या रुग्णालयाच्या निरोपात तीन सूचना होत्या. चार तास आधी काही खायचे नाही, सैल कपडे घालायचे, आणि चोवीस तास आधीपासून चहा, कॉफी, चॉकलेट बंद. पहिल्या दोन सोप्या. तिसरी दुबईत पाळून दाखवा! इथे कॅफेटेरियासमोर गाडी उभी करून हॉर्न वाजवला की पोऱ्या खिडकीशी करक चाय आणून देतो. कारण मात्र पटण्याजोगे निघाले. ज्याला ट्रेडमिलवर चालणे जमत नाही त्याला हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावणारे औषध टोचतात, आणि कॅफीन नेमकी त्याच औषधाची वाट अडवून बसते.

फोनवर पुण्याहून ताई म्हणाली, "म्हणजे स्ट्रेस थॅलियम ना रे?" मी हो म्हणालो. पण ज्या सुईने माझ्या हृदयाचे चित्र निघणार होते, तिच्यात थॅलियमचा कणही नव्हता. वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. थॅलियम-२०१ने हृदयाची ही तपासणी रुळवली. सेस्टामिबी नावाचे औषध १९९०मध्ये अमेरिकेत मंजूर झाल्यावर बहुतेक काम त्याच्याकडे आणि त्याच्या भाऊबंदांकडे गेले. या औषधांच्या पोटात बसलेले मूलद्रव्य म्हणजे टेक्नेशियम.

त्याच्या बारशाची कथा आपल्याला जवळची वाटावी. मेंडेलीव्हने आपल्या तक्त्यात मँगनीजच्या खालचे घर रिकामे ठेवले आणि त्या न सापडलेल्या मूलद्रव्याला नाव दिले 'एका-मँगनीज'. हा 'एका' संस्कृतातला: मँगनीजनंतरचा पहिला. घर भरायला १९३७ साल उजाडले. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्सच्या सायक्लोट्रॉन या अणुकण पळवणाऱ्या यंत्रातली मॉलिब्डेनमची एक वापरलेली पट्टी इटलीतल्या पालेर्मोला पोहोचली आणि सेग्रे व पेरिए यांना तिच्यात हे मूलद्रव्य सापडले. पुढे त्याचे नाव पडले ते ग्रीक शब्दावरून, अर्थ 'कृत्रिम'. वैद्यकाला हवे असते ते त्याचे टेक्नेशियम-९९एम हे रूप. दर सहा तासांनी ते निम्मे होते आणि १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण सोडते. किरण शरीराबाहेर येण्याइतके जोरकस, आणि कॅमेऱ्याला टिपता येतील इतपत नरम.

सहा तासांत निम्मे होणारे औषध गोदामात ठेवणार कसे? ठेवतच नाहीत. ठेवतात ती त्याची आई, मॉलिब्डेनम-९९. ती निम्मी व्हायला ६६ तास घेते. पण हे मॉलिब्डेनम मोठ्या प्रमाणात मिळते ते युरेनियमचे तुकडे संशोधन-अणुभट्टीत भाजून, आणि तशा भट्ट्या जगात मोजक्याच: नेदरलँड्समध्ये पेटन, बेल्जियममध्ये मोल, दक्षिण आफ्रिकेत पेलिंडाबा, ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ, अशा आणखी काही. अमिरातीत नाही. इथल्या पश्चिम किनाऱ्यावर बराका येथे चार अणुभट्ट्या आहेत. पहिली एप्रिल २०२१मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाली, चौथी सप्टेंबर २०२४मध्ये. बराका म्हणजे आपली बरकतच. पण ती विजेची बरकत. त्या भट्ट्या वीज निर्माण करण्यासाठी बांधल्या आहेत, आठवड्याआठवड्याने युरेनियमच्या पट्ट्या आत-बाहेर करण्यासाठी नाही. म्हणून साडेपाच हजार मेगावॉटची अणुवीज असलेल्या या देशात माझ्या हृदयासाठीचे मॉलिब्डेनम विमानाने येते, आणि प्रवासात दर तासाला सुमारे एक टक्का विरून जाते. विमान चुकले, कस्टममध्ये खोका अडकला, की तेवढे रोगी त्या दिवशी कमी. एप्रिल २०१०मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपची विमाने जमिनीवर बसवली, तेही कॅनडातली मोठी भट्टी आणि पेटनची भट्टी अशा दोन्ही बंद असताना. त्या आठवड्यांत न्यूक्लियर मेडिसिनवाल्यांना आकाशाकडे पाहत बसावे लागले.

आलेला खोका म्हणजे जनरेटर. शिशाच्या जाड भिंतीत अॅल्युमिनाची एक छोटी नळी, तिच्यात मॉलिब्डेनम घट्ट धरून ठेवलेले. अमेरिकेतल्या ब्रुकहेवनमध्ये टकर आणि ग्रीन यांनी १९५८च्या सुमारास ही युक्ती काढली. वरून मिठाचे निर्जंतुक पाणी सोडायचे, खाली निर्वात कुपी लावायची. मॉलिब्डेनम अॅल्युमिनाला चिकटून राहते, त्यातून जन्मलेले टेक्नेशियम पाण्याबरोबर खाली उतरते. इंग्रजीत या यंत्राला गाय म्हणतात, मग आपण धार काढणे म्हणायला काय हरकत आहे? एकदा धार काढली की साधारण तेवीस तासांनी कास पुन्हा पूर्ण भरते. गाय मात्र रोज थोडी आटते. आठवड्याने तिच्यात सुरुवातीच्या सतरा टक्केच उरते.

सुट्टीनंतरची पहिली धार मात्र वेगळी वागते. न काढलेले टेक्नेशियम-९९एम आत पडून पडून साध्या टेक्नेशियम-९९मध्ये बदलते. त्याचे आयुष्य दोन लाख वर्षांहून जास्त. कॅमेऱ्याला ते दिसत नाही, पण रसायनात जागा अडवते. ईदच्या लांब सुट्टीनंतर किंवा शनिवार-रविवार मध्ये पडल्यावर (२०२२पूर्वी इथे शुक्रवार-शनिवार असत) ही धार काही औषधांना चालत नाही. गाईच्या पहिल्या धारेचा खरवस आपल्याला प्रिय. या गाईची पहिली धार कधी कधी ओतून द्यावी लागते.

मुंबईत टेक्नेशियम काढण्याचे काम बराच काळ वेगळ्या रीतीने चालले. परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३चे. अशी किरणोत्सारी द्रव्ये पुरवणारी, वाशीला मुख्यालय असलेली सरकारी संस्था 'ब्रिट' १९८९ची. तुर्भ्याच्या भट्टीत साध्या मॉलिब्डेनमवर न्यूट्रॉन मारून जे मिळे ते अॅल्युमिनाच्या नळीसाठी फार पातळ पडे. मग वाशीहून द्रव मॉलिब्डेनम येई आणि सकाळी सकाळी रुग्णालयात मिथिल इथिल कीटोनने त्यातून टेक्नेशियम ओढून घेत. ते द्रावक उडवून द्यायचे, उरलेले मिठाच्या पाण्यात विरघळवायचे, आणि द्रावकाचा अंश राहिला नाही ना तेही पाहायचे. हातावरचे काम. आखातात तंत्रज्ञ म्हणून आलेल्या जुन्या मंडळींना जनरेटरचे कौतुक वाटले असेल तर नवल नाही.

धार काढली तरी औषध झाले नाही. निघालेले टेक्नेशियम चारही बाजूंनी ऑक्सिजनने वेढलेले, स्वतःहून कशाशी जुळणारे नव्हे. त्याला जुळवायला लागते किट: एका छोट्या कुपीत गोठवून सुकवलेली पांढरी पूड. तिच्यात दोन महत्त्वाच्या गोष्टी. एक, अवयव निवडणारा रेणू: हाडांसाठी एमडीपी, मूत्रपिंडासाठी डीटीपीए, हृदयासाठी मिबी. दुसरी, कथिलाचे क्षार, म्हणजे स्टॅनस क्लोराइड, जे टेक्नेशियमकडून ऑक्सिजन सोडवून घेते. कल्हईवाल्याकडचेच कथिल! त्याचा वैरी म्हणजे हवा. कुपीत नायट्रोजन भरलेला असतो. सिरिंजमधून एखादा मोठा बुडबुडा आत गेला तर कथिल हवेलाच खर्ची पडते आणि टेक्नेशियम कोरडेच राहते. सेस्टामिबीला उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवावे लागते. तेव्हा कुठे मिबीचे सहा रेणू एका टेक्नेशियमभोवती बसतात. हा रेणू एमआयटीतले डेव्हिसन आणि हार्वर्डचे जोन्स यांच्या सहकार्यातून आलेला.

आता तपासणी, आणि माझ्या मते सगळ्या कामाचा जीव इथेच आहे. साध्या गोळीच्या कारखान्यात नमुना प्रयोगशाळेत जातो, अहवाल दोन दिवसांनी येतो. इथे दोन दिवसांनी औषधच उरत नाही. शिवाय माल अतिशय कमी: तीस मिलिक्युरीच्या (मिलिक्युरी हे किरणोत्साराचे माप) एका मात्रेत टेक्नेशियम-९९एम जेमतेम सहा नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे अब्ज भाग केले तर त्यातले सहा. परीक्षानळीत ते दिसणार नाही. दिसते ते फक्त किरणांतून.

पहिला प्रश्न: मॉलिब्डेनम पाझरले का? कुपी शिशाच्या डबीत घालून मोजतात. टेक्नेशियमचे नरम किरण शिसे थोपवते, मॉलिब्डेनमचे जोरदार किरण पार जातात. जे पार आले ते मॉलिब्डेनम. अमेरिकी औषधसंहितेची मर्यादा टोचतेवेळी एका मिलिक्युरीमागे ०.१५ मायक्रोक्युरी. यात एक खोच आहे. टेक्नेशियम झपाट्याने घटते, मॉलिब्डेनम हळू. त्यामुळे सकाळी मर्यादेत असलेली कुपी संध्याकाळी मर्यादा ओलांडू शकते. दुसरा प्रश्न अॅल्युमिनियमचा, तो कागदावरच्या एका थेंबाच्या रंगाने सुटतो.

तिसरा प्रश्न खरा: किती टेक्नेशियम औषधात बसले? दोन बोटे लांबीच्या पट्ट्यांवर एकेक थेंब टाकतात. हाडांच्या औषधाचे उदाहरण घ्या. एक पट्टी ॲसिटोनमध्ये उभी केली तर मोकळे टेक्नेशियम वर पळते, बाकी सगळे खाली बसून राहते. दुसरी मिठाच्या पाण्यात उभी केली तर औषध आणि मोकळे टेक्नेशियम दोन्ही वर जाते, खाली उरतो तो गाळ: ऑक्सिजन सुटला पण रेणू भेटला नाही असे टेक्नेशियम. पट्ट्या कापायच्या, तुकडे मोजायचे, वजाबाकी करायची. मोकळे २ टक्के, गाळ ३ टक्के, तर औषध ९५. एमडीपी, सेस्टामिबी यांना किमान ९० लागतात.

नापास कुपी टोचलीच तर शरीर चहाडी करते. मोकळे टेक्नेशियम थायरॉइड, लाळग्रंथी आणि जठरात जाते, गाळ यकृतात. हाडांच्या चित्रात जठर लखलखले की अनुभवी डॉक्टर रोग्याच्या आधी कुपीकडे पाहतो. पण तोवर रोग्याला फुकट किरण बसलेले असतात, म्हणून पट्टी आधी.

अमिरातीत किरणोत्सारी वस्तूंवर नजर ठेवणारी संघराज्याची नियामक संस्था २००९पासून आहे. माझी सुई टोचण्यापूर्वी तंत्रज्ञ मुलीने वेळ, मात्रा, कुपीचा क्रमांक आणि माझे नाव दोनदा वाचले. "चहा?" तिने विचारले. मी मान हलवली. नंतर कॅमेऱ्याखाली हात डोक्यावर घेऊन निश्चल पडून राहायचे होते, ते चहा सोडण्यापेक्षा अवघड गेले.

निघताना तिने एक कागद दिला. त्यावर आजची तारीख, औषधाचे नाव आणि मिलिक्युरी. परवा रात्री मुंबईचे विमान होते. विमानतळावरचा संवेदनशील शोधक वाजलाच तर हा दाखवा, म्हणाली. मी हिशेब केला: तोपर्यंत टेक्नेशियम दहा वेळा निम्मे होईल, म्हणजे उरेल हजारावा भाग. तरी कागद पासपोर्टमध्ये ठेवला, आणि खाली उतरून पहिल्याच कॅफेटेरियासमोर हॉर्न वाजवला.