सत्याचा शोध आणि धर्माचा स्वीकार



आज एका जुन्याच प्रश्नाचा विचार करायचा आहे. जुना म्हटला तरी तो दर पिढीला नव्याने भेटतो. गावातला एखादा तरुण चार पुस्तके वाचतो, कीर्तन-प्रवचन ऐकतो, शहरात जाऊन येतो आणि विचारू लागतो, "खरे काय आहे ते मला अजून कळलेले नाही. मग तोवर मी कोणता धर्म पाळू? घरचा पाळू, दुसरा घेऊ, की सगळेच बाजूला ठेवून आधी सत्य शोधू?" यावर वडीलधारी माणसे म्हणतात, "पूर्वजांनी विचार करून ठेवला आहे, तू कशाला डोके शिणवतोस?" बरोबरीचे मित्र म्हणतात, "सगळे थोतांड आहे, दे सोडून." दोन्ही उत्तरांत एक सोय आहे बरं का! कोणतेही घेतले तरी पुढे विचार करण्याचे काम उरत नाही.

आपला शेतकरी नवे बियाणे आले म्हणजे काय करतो, ते पाहा. मूठभर दाणे तळहातावर घेऊन पीक कसे उतरेल हे कोणालाच सांगता येत नाही. त्यासाठी पेरावेच लागते. पण म्हणून कोणी सगळे रान एकदम त्याखाली घालत नाही. तो चार तासे पेरतो, जुने बियाणे कणगीत राखून ठेवतो आणि हंगामभर पिकावर नजर ठेवतो. धर्माचेही काहीसे असेच आहे. आयुष्यभर बांधावर उभे राहिले तर त्यातले काही कळायचे नाही. आणि डोळे मिटून पेरले तर काय उगवले तेही दिसायचे नाही.

हे नुसते दृष्टांतावर सोडू नये. आपल्याच मराठी मुलखातल्या एका माणसाने हा प्रयोग सारे आयुष्य खर्ची घालून केला. त्यांचे नाव धर्मानंद कोसंबी.

धर्मानंदांचा जन्म १८७६ साली गोव्यातल्या साखवाळ गावी झाला. शाळेचे शिक्षण बेताचेच. लहान वयात लग्न झाले आणि घरच्या नारळीच्या बागायतीची देखभाल अंगावर पडली. खेड्यात राहून मिळतील ती मराठी पुस्तके ते वाचीत. त्या काळी मुलांसाठी 'बालबोध' नावाचे मासिक निघत असे. त्यात त्यांच्या वाचनात बुद्धाचे चरित्र आले. ते मनाला असे लागले की, या माणसाने काय सांगितले ते मुळातून समजून घ्यावे, याखेरीज दुसरे काही सुचेना. पण समजून घ्यावे कुठे? बुद्धाच्या जन्मभूमीत त्याच्या धर्माचा अभ्यास जवळजवळ लोपला होता. पाली भाषा शिकविणारा जवळपास कोणी नव्हता.

१८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. पुण्यात डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. मग संस्कृत शिकण्यासाठी ते काशीला गेले आणि अन्नछत्रात जेवून तिथे अभ्यास केला. बौद्ध धर्म नेपाळात जिवंत आहे असे ऐकून १९०२ साली नेपाळ गाठले. तिथे जे पाहिले त्याने निराशा झाली. चरित्रातला बुद्ध त्यांना तिथल्या आचारात सापडला नाही. दुसरा एखादा इथेच खचून परत फिरला असता. धर्मानंद बुद्धगयेला आले, तिथून कलकत्त्याला आणि पुढे सिंहलद्वीपाला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांजवळ त्यांनी पालीचे अध्ययन केले आणि श्रामणेराची दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशात जाऊन ते तिथल्या भिक्षुसंघातही राहिले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. बुद्धाची शिकवण पूर्ण समजल्यावरच दीक्षा घेऊ, असे ते म्हणाले नाहीत. ती समजावी म्हणून त्यांनी दीक्षा घेतली. ग्रंथ वाचून जेवढे कळते त्यापलीकडचे काही त्या वाटेने चालल्यावरच कळते. रोजचा नियम, गुरूचा सहवास आणि संघाची शिस्त यांचा अनुभव दुरून घेता येत नाही. तेव्हा सत्य शोधणाऱ्याने धर्म पत्करला तर त्यात विसंगत असे काही नाही. विसंगती येते ती पत्करल्यानंतर शोध थांबविला म्हणजे.

धर्मानंदांनी तो थांबविला नाही. १९०६ साली कलकत्त्याला पाली शिकविण्याचे काम आले तेव्हा त्यांनी भिक्षूची वस्त्रे उतरविली आणि ते पुन्हा संसारात आले. बुद्धावरची श्रद्धा तीच राहिली, वेष तेवढा बदलला. पुढे कलकत्त्याच्या अधिक मिळकतीवर पाणी सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाड महाराजांचे महिना ५० रुपयांचे साहाय्य स्वीकारले. कारण मराठी लोकांत राहून मराठीत लिहावे, ही त्यांची इच्छा होती. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात जाऊन त्यांनी 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम केले. १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली.

आणि ज्या बुद्धासाठी घर सोडले, त्याच्या चरित्राचीही त्यांनी कसून तपासणी केली. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा आपण सर्वांनी पाठ्यपुस्तकात वाचलेली आहे. 'भगवान बुद्ध' या ग्रंथात धर्मानंदांनी मांडले की, गौतमाच्या बाबतीत ही कथा सर्वांत जुन्या ग्रंथांत आढळत नाही. ती मागाहून जोडली गेली असावी. 'सुत्तनिपात' या प्राचीन संग्रहात, हाती शस्त्र घेऊन एकमेकांशी भांडणाऱ्या माणसांना पाहून मनात भय उपजले, असे वर्णन आहे. त्याला रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात चाललेल्या तंट्याची जोड देऊन त्यांनी गृहत्यागाचे निराळे कारण सुचविले. पाण्यावरून होणारी भांडणे आपल्या शेतकऱ्यांना काही सांगायला नकोत! ही उपपत्ती सर्व पंडितांना पटली आहे असे नाही. पण आपल्याला पाहायची आहे ती त्यांची वृत्ती. आवडती कथासुद्धा पुराव्याला उतरत नसेल तर बाजूला ठेवायची, आणि तरीही श्रद्धा ढळू द्यायची नाही, हे त्यांना साधले. त्यांची श्रद्धा कथेवर टेकलेली नव्हती; आचरून पाहिलेल्या शिकवणीवर टेकलेली होती.

बुद्धाचा स्वतःचा उपदेशही याला धरूनच होता. केसपुत्त गावच्या कालाम लोकांनी त्याला विचारले होते की, एक उपदेशक येतो आणि आपलेच खरे म्हणतो, दुसरा येतो तोही आपलेच खरे म्हणतो, मग आम्ही मानावे कोणाचे? बुद्धाच्या उत्तराचा आशय असा की, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात लिहिले आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका. ती आचरल्याने लोभ, द्वेष, मोह वाढतात की कमी होतात ते स्वतः पाहा आणि मग ती धरा किंवा सोडा. कालामांसारखी खेड्यातली साधी माणसे हे पाहू शकतात, असा विश्वास त्या उत्तरात आहे.

पण मंडळी, इथवर आपण शोध घेणाऱ्याचीच बाजू पाहिली. बियाणे बदलले तर घरात कोणी रडत नाही. धर्माच्या शोधात माणूस निघाला म्हणजे घरच्यांच्या पानात काय पडते, हेही पाहायला हवे. धर्मानंद निघाले तेव्हा त्यांची पहिली मुलगी नुकती जन्मलेली होती. पत्नी बाळाबाईंनी सुमारे सात वर्षे पतीवाचून काढली. पुढे ते परतले, बाळाबाई कलकत्त्याला त्यांच्याजवळ गेल्या आणि संसार पुन्हा उभा राहिला, हे खरे. तरी ती सात वर्षे हिशेबातून वजा करता येत नाहीत. सत्याच्या शोधाचे मोल एकाने ठरवावे आणि ते दुसऱ्याने चुकते करावे, यात न्याय कितीसा?

याच काळात रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरीही असाच प्रसंग घडला. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई त्यांच्यामागोमाग गेल्या नाहीत. काही वर्षे पतिपत्नी वेगळी राहिली. तो काळ कसा गेला हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना ठाऊक आहेच. नंतर त्या पतीकडे राहावयास आल्या तरी आपले सोवळेओवळे त्यांनी सोडले नव्हते. सोवळ्यात आणि जातिभेदात अर्थ नाही, हे त्यांचे त्यांना पटले तेव्हाच ते सुटले. आणि बाप्तिस्मा त्यांनी घेतला तो त्यानंतर, आपल्या मनाने. यातला बोध मोठा आहे. नवऱ्याला सत्य सापडले म्हणून बायकोलाही सापडले, असे होत नाही. तिचा शोध तिनेच करायचा असतो, आणि त्यासाठी तिला वेळ दिलाच पाहिजे. हेच मुलांना आणि म्हाताऱ्या आईबापांनाही लागू आहे.

सगळ्यांची वाट एकच असावी असेही नाही. डॉक्टर भांडारकर मूर्तिपूजा आणि जातिभेद यांच्या विरुद्ध होते, पण घरचा धर्म सोडून ते बाहेर गेले नाहीत. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजात राहून त्यांनी त्याच धर्मातले न पटणारे टाकले आणि पटणारे ठेवले.

डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांना ही सवड नव्हती. जो धर्म देवळाची पायरी चढू देत नाही, पाणवठ्यावर पाणी भरू देत नाही, त्यात राहून सुधारणेची वाट किती काळ पाहावी, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. १९३५ साली येवले येथे त्यांनी जाहीर केले की, आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. प्रत्यक्ष दीक्षा घेतली ती १९५६ साली, १४ ऑक्टोबरला, नागपूरला. मधली २१ वर्षे त्यांनी वाचन आणि विचार केला, निरनिराळ्या धर्मांची पारख केली. शीख धर्माचाही गंभीरपणे विचार केला. सोडण्याचा निर्णय अन्यायाने करायला लावला होता, परंतु स्वीकारण्याचा निर्णय त्यांनी रागाच्या भरात केला नाही. मॅट्रिक झाल्यावर, १९०७ साली, कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी त्यांना आपले मराठी बुद्धचरित्र भेट दिले होते. एका लहानशा पुस्तकाची सोबत किती लांबवर पुरते पाहा! रोहिणीच्या पाण्याच्या तंट्याचा प्रसंग बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही आलेला आहे.

तेव्हा आपल्या तरुणाला आपण काय सांगावे? मला वाटते, पाच गोष्टी सांगाव्यात. पहिली, सत्य पूर्ण कळेपर्यंत कोणतीही वाट चालायची नाही, असा हट्ट धरू नकोस, चालल्याने कळते. दुसरी, वाट घरची असो की परकी, तिथे प्रश्न विचारायला मुभा आहे का ते आधी पाहा. प्रश्न विचारणाऱ्याला जिथे भीती घालतात, तिथून दूर राहा. तिसरी, त्या वाटेने चालणाऱ्यांचे रोजचे वागणे पाहा. आपल्यापेक्षा दुबळ्या माणसाशी ते कसे वागतात, ही चांगली कसोटी आहे. चौथी, पैशाच्या, नोकरीच्या, लग्नाच्या लोभाने किंवा रागाने घाईघाईत निर्णय करू नकोस. आणि पाचवी, तुझ्या शोधाचे ओझे कोणाच्या डोक्यावर पडते आहे, ते पाहून त्यांच्याशी आधी बोल.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्यापुढे हा प्रश्न आणखी नाजूक होऊन येतो. एखादा मुलगा वर्गात उभा राहून विचारतो, "गुरुजी, खरा धर्म कोणता?" आपल्या संविधानाच्या २५ व्या कलमाने प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचे आणि धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि २८ व्या कलमाप्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. याचा अर्थ मुलाला गप्प बसवावे, असा नाही. आपला धर्म त्याच्या गळी उतरवू नये आणि त्याच्या घरचा धर्मही हसण्यावारी नेऊ नये. त्याला धर्मानंदांची हकीकत सांगावी, लक्ष्मीबाईंची सांगावी, बाबासाहेबांची सांगावी. तिघांना मिळालेली उत्तरे एकसारखी नाहीत, आणि तिघांनीही उत्तर उसने घेतलेले नाही, हे मुलाच्या आपोआप लक्षात येईल.

धर्मानंद १९४७ साली सेवाग्रामला वारले. त्यांच्यामागे १९४९ साली त्यांचे जे पुस्तक प्रसिद्ध झाले, त्याचा विषय होता जैनांचे तीर्थंकर पार्श्वनाथ यांचा चातुर्याम धर्म. म्हणजे अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह ही चार व्रते. बुद्धाच्या शोधात घर सोडलेला हा माणूस सत्तरीच्या घरातही दुसऱ्या परंपरेतले चांगले ते वेचीत होता. त्यांची 'निवेदन' आणि 'भगवान बुद्ध' ही पुस्तके पुष्कळ वाचनालयांतून आहेत. गावच्या वाचनालयात ती नसतील तर मागवून घ्या आणि चारचौघांत बसून वाचा. त्यातले पटेल ते घ्या, न पटेल त्यावर वाद घाला. धर्मानंदांना त्यात आनंदच वाटला असता.