विंचवाच्या दंशावर रक्तदाबाची गोळी कशाला?

एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांच्या शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलीला सरपण काढताना विंचू चावला. घरच्यांनी तिला लगेच सरकारी दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी प्राझोसिन नावाची गोळी दिली, रात्रभर ठेवून घेतले आणि मुलगी बरी होऊन घरी आली. पुढे औषधाच्या दुकानात कुणीतरी सांगितले की ही गोळी रक्तदाबाची आहे. ‘नऊ वर्षांच्या पोरीला कसले ब्लडप्रेशर? गोळी चुकून तर दिली नाही ना?’ असे पत्रात विचारले आहे.

गोळी चुकून दिलेली नाही. विंचवावरचे नेमके औषध दिले. पण प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर द्यायचे तर थोडे शरीराच्या आत डोकवावे लागेल.

हात उचलणे, चालणे, बोलणे ही कामे आपण आपल्या मर्जीने करतो. मात्र ‘हृदया, जोरात चाल’, ‘जठरा, अन्न पचव’ असा हुकूम आपण कधी सोडत नाही. ही कामे स्वायत्त मज्जासंस्था आपल्याला न विचारता परस्पर उरकते. तिचे दोन विभाग आहेत, अनुकंपी आणि परानुकंपी. नावे बोजड आहेत, पण अनुभव रोजचा आहे. रात्री अंधारात कुत्रे अंगावर आले की छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हात गार पडतात. हे अनुकंपीचे काम. दुपारी पोटभर जेवून आडवे झालो की नाडी संथ होते आणि पचन सुरू होते. हे परानुकंपीचे.

मज्जातंतू अवयवाला थेट चिकटलेला नसतो, मध्ये अतिसूक्ष्म फट असते. या फटीतून निरोप जातो तो रसायनाच्या रूपाने. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने १९२१ साली हे फार साध्या प्रयोगाने दाखवले. बेडकाच्या हृदयाकडे जाणारा परानुकंपी मज्जातंतू त्याने उत्तेजित केला, तेव्हा हृदय मंदावले. मग त्या हृदयातला द्रव त्याने दुसऱ्या हृदयात घातला, तर तेही मंदावले! मज्जातंतूतून काहीतरी पाझरले होते, हे उघड झाले. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. १९३६ साली लोवी आणि हेन्री डेल यांना यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. अनुकंपी तंतूंचे मुख्य रसायन नॉरॲड्रिनॅलिन. त्याचेच भावंड ॲड्रिनॅलिन, ते मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून थेट रक्तात उतरते.

आता मुद्द्याची गोष्ट. ही रसायने ज्या जागी जाऊन बसतात तिला रिसेप्टर म्हणतात. रसायन एकच असले तरी काम काय होणार हे रिसेप्टरवर ठरते. रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ साली ॲड्रिनॅलिनच्या रिसेप्टरांचे अल्फा आणि बीटा असे दोन गट पाडले. रक्तवाहिन्यांवरचा अल्फा चेतला की त्या आवळतात. हृदयावरचा बीटा चेतला की ठोके वाढतात. श्वासनलिकेवरचा बीटा तिला सैल करतो, म्हणून दमेकऱ्याला सालब्युटामॉलच्या पंपाने आराम पडतो. वडीलधाऱ्यांना प्रोस्टेटसाठी मिळणारी टॅम्सुलोसिन ही अल्फा अडवणारी गोळी आहे. औषधांच्या कपाटातला बराच माल या रिसेप्टरांच्याच दारी जातो.

आता विंचू. दिसायला भयंकर ती काळी मोठी इंगळी, पण जिवावर बेततो तो लहानसा लाल विंचू. दगडाखाली, भिंतीच्या फटीत, सरपणाच्या ढिगात तो दडलेला असतो. मज्जातंतूत सोडियमचे कण आत घेणारी दारे असतात. ती क्षणभर उघडून मिटायची असतात, पण विंचवाचे विष ती मिटूच देत नाही. तंतू निरोप पाठवीतच राहतात आणि दोन्ही विभागांची रसायने एकाच वेळी ओसंडतात.

आधी ॲसिटिलकोलिनचा जोर दिसतो: उलट्या, लाळ, अंगावरचे कपडे भिजावेत असा घाम. मुलग्यांत व पुरुषांत लिंग ताठ राहते. हे लक्षण लाजेपोटी सांगितले जात नाही, पण डॉक्टरांना ते अवश्य सांगावे. मग अनुकंपीची पाळी येते. सर्व रक्तवाहिन्यांवरचे अल्फा रिसेप्टर एकदम चेततात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, रक्तदाब चढतो. आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी उतरते. खोकला, दम, तोंडाला गुलाबी फेस. विंचवाने माणूस मरतो तो असा.

नऊ वर्षांच्या मुलीला ब्लडप्रेशर कसले, याचे उत्तर इथे मिळते. त्या रात्रीपुरते तिला ते खरोखरच असू शकते.

प्राझोसिन नेमके हे अल्फा रिसेप्टर अडवते. हे विंचवावर वापरण्यात रायगड जिल्ह्याचा मोठा वाटा आहे. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाचे रुग्ण रात्र रात्र उशाशी बसून पाहिले आणि टिपले. १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात त्यांनी लक्षणे मांडली. १९८६ साली पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह प्राझोसिनचा अनुभव तिथेच प्रसिद्ध केला. पूर्वी गंभीर विषबाधा झालेल्या १०० रुग्णांतले २५ ते ३० दगावत, ते प्रमाण १ च्या आसपास आले. गोळी जुनी, स्वस्त आणि रक्तदाबासाठी आधीपासून दुकानात असलेली! २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

गोळी रिसेप्टर अडवते, पण रक्तातले विष तसेच राहते. ते निष्प्रभ करायला हाफकिनची प्रतिविष लस आहे. महाडला ७० रुग्णांवर झालेला अभ्यास २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. निम्म्यांना लस व प्राझोसिन दोन्ही दिले, निम्म्यांना फक्त प्राझोसिन. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटातले ३२ आणि दुसऱ्यातले ८.

आणखी एक गंमत सांगतो. शेतात फवारणीच्या औषधाची विषबाधा झाली तरी असाच घाम, अशीच लाळ. तिथे ॲसिटिलकोलिनचे रिसेप्टर अडवणारे ॲट्रोपिन जीव वाचवते. तेच ॲट्रोपिन विंचवाच्या रुग्णाला सरसकट दिले, तर हृदयावरचा उरलासुरला लगाम सुटतो आणि अनुकंपी आणखी उधळते. म्हणून दवाखान्यात नेताना ‘काहीतरी चावले’ एवढेच सांगू नका. विंचू पाहिला की नाही, घरात फवारणीचे औषध आहे की नाही, दोन्ही सांगा.

मांत्रिकाकडे विंचू ‘उतरतो’ तो बहुधा इंगळीचा, जो तासा-दोन तासांत आपोआपही उतरला असता. माझ्याकडे येणारी माणसे हमखास म्हणतात, ‘चिंचोका लावला, कळ थांबली.’ मी कळेविषयी नंतर विचारतो, आधी तळवा हातात घेऊन गार आहे का ते पाहतो. कळ किती आहे यावरून विष किती भिनले ते ठरत नाही. घाम, उलटी आणि गार हातपाय दिसले की वेळ घालवू नये. दंशावर चिरा देऊ नये, आवळून बांधू नये.

गोळीचे प्रमाण वजनावर ठरते, तेव्हा ती घरच्या घरी देऊ नये. आणि दिल्यावर मुलाला उठू देऊ नये. आवळलेल्या रक्तवाहिन्या एकदम सैल झाल्याने उभे राहताच भोवळ येते. पत्रलेखकांच्या शेजारणीलाही डॉक्टरांनी हेच बजावले असेल, की रात्री लघवीलासुद्धा पोरीला खाटेवरून उतरवू नका.