पाँटून

पाँटून म्हणजे सपाट तळाची, आतून पोकळ व पाणी आत शिरणार नाही अशी बांधलेली नाव किंवा पेटी. नौकानयनात धक्क्याचा तरंगता फलाट म्हणून आणि बुडालेले जहाज वर उचलण्यासाठी, तर सेतुबांधणीत तरंगत्या पुलाचा आधार म्हणून ती वापरतात. मराठीत तिला सरसकट 'तराफा' म्हटले जाते, ते योग्य नव्हे. तराफ्याचे ओंडके मुळात पाण्याहून हलके असल्याने तरंगतात. पाँटून लोखंडाचे असूनही पोकळीमुळे तरंगते.

शब्दाचे मूळ लॅटिन 'पाँस' (पूल) यात असून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. 'पाँस' व संस्कृत 'पन्थाः' हे सगोत्र शब्द होत. म्हणजे आपला 'पंथ' त्याचा दूरचा आप्त ठरतो. मराठी 'पूल' मात्र फारसीतून आलेला, निराळ्या कुळाचा आहे.

पाँटूनवर भार आला की ते तेवढ्याच वजनाचे पाणी बाजूस सारीपर्यंत खाली जाते. ६ मीटर लांब, २ मीटर रुंद व उभ्या बाजूंचे पाँटून १,२०० किलो भाराने गोड्या पाण्यात १० सेंटिमीटर अधिक बुडते. अशी पाँटूने ओळीने नांगरून त्यांवर तुळया व फळ्या टाकल्या की पूल होतो. एक जरी फुटले तरी तेथील वाट खचते.

हुगळीवर कलकत्ता व हावडा यांना जोडणारा पाँटून पूल १८७४ मध्ये खुला झाला. त्याच वर्षी, बांधकाम चालू असताना, 'इजेरिया' ही आगबोट वादळात नांगर तुटून त्यावर आदळली व तीन पाँटूने बुडाली. जहाजांसाठी त्याचा मधला भाग बाजूला करावा लागे. १९४३ मध्ये आजचा हावडा पूल त्याच्या जागी आला. प्रयागराजच्या कुंभमेळ्यात असे तात्पुरते पूल अद्याप उभारतात. तिकडे त्यांना 'पीपा पूल' म्हणतात. लष्करातही नदी ओलांडण्यासाठी त्यांचा उपयोग होतो.

वर्धा जिल्ह्यातील पुलगावचे नाव वर्धा नदीवरील रेल्वेपुलावरून पडले. तो पूल पाँटूनचा नव्हे, नदीपात्रात रोवलेल्या खांबांवरचा आहे. वर्धेसारख्या नदीवर कायमचा तरंगता पूल टिकणे कठीण. पावसाळ्यात पुराबरोबर वाहून येणारी झाडे पाँटूनांना अडतात व नांगरांवर ताण येतो; उन्हाळ्यात पाणी उतरले की पाँटूने वाळूवर टेकून वाकडी होतात. म्हणून अशा नदीवर ते पूल पूर ओसरल्यावर जोडावे व पावसाळ्यापूर्वी सोडवून काठाला आणावे लागतात.