दीड महिन्याची तपासणी

विषाणूशी सामना : भाग ७

मागच्या आठवड्यात आपण गरोदर बाईच्या उपचारांविषयी वाचलं. एचआयव्ही असलेल्या आईवर काहीच उपचार झाले नाहीत, तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना तिच्याकडून लागण होते. गरोदरपणातच निदान होऊन औषधं नीट चालू राहिली, तर बाळ अंगावर पीत असतानाही हे प्रमाण शंभरात पाचाच्या खाली आणता येतं. आज त्यापुढचा प्रश्न. बाळ जन्माला आलं. त्याला लागण झाली आहे की नाही, हे कळायचं कसं आणि कधी?

मोठ्या माणसाची नेहमीची एचआयव्ही तपासणी बहुधा विषाणूपेक्षा प्रतिपिंडांचा शोध घेते. विषाणूशी लढायला शरीर जी प्रतिपिंडं तयार करतं, ती रक्तात सापडली की लागण झाली असं समजतात. बाळाच्या बाबतीत हा हिशोब चुकतो. गरोदरपणात आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात. गोवर किंवा धनुर्वातापासून नवजात बाळाला सुरुवातीचं संरक्षण मिळतं ते याच वाटेने. एचआयव्हीविरुद्धची प्रतिपिंडंही तशीच येतात आणि बाळ दीड वर्षाचं होईपर्यंत टिकू शकतात. त्यामुळे दोन महिन्यांच्या बाळाची ही तपासणी पॉझिटिव्ह आली, तर त्यातून आईला लागण आहे एवढंच कळतं. बाळाला आहे की नाही, ते कळत नाही.

मग दीड वर्ष थांबून खात्री करून घ्यावी का? नाही, तेवढा वेळ बाळाकडे नसतो. मोठ्या माणसाच्या शरीरात हा विषाणू अनेक वर्षं फारसा त्रास न देता राहू शकतो. तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती अजून घडत असते, तिला तो आवरत नाही आणि काही आठवड्यांतच रक्तातली विषाणूंची संख्या भराभर वाढते. उपचार मिळाले नाहीत, तर लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे एक तृतीयांश पहिल्या वाढदिवसाआधी दगावतात आणि जवळपास निम्मी दुसऱ्या वाढदिवसाआधी. त्यातही दुसरा-तिसरा महिना सर्वांत धोक्याचा. वरवर बाळ गुटगुटीत दिसत असतं आणि एकाएकी न्यूमोनिया होऊन काही दिवसांत हातचं जातं.

घाई किती करायची, याचं ठोस उत्तर दक्षिण आफ्रिकेतून आलं. केपटाऊन आणि सोवेटो इथे 'चेर' नावाचा अभ्यास झाला. सहा ते बारा आठवड्यांच्या, लागण झालेल्या पण तब्येतीने बऱ्या दिसणाऱ्या बाळांचे त्यात दोन गट केले. एका गटाला लगेच औषधं सुरू केली. दुसऱ्या गटाला त्या काळच्या प्रथेप्रमाणे, रक्ततपासणीत किंवा तब्येतीत बिघाड दिसल्यावर. उशिरा औषध मिळालेल्या गटात शंभरातली सोळा बाळं गेली, लगेच मिळालेल्या गटात चार. २००८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आपला सल्ला बदलला : वर्षाच्या आतल्या बाळाला लागण आहे असं कळलं, की लक्षणांची वाट न पाहता उपचार सुरू करा.

म्हणजे सगळी भिस्त निदान लवकर होण्यावर. त्यासाठी प्रतिपिंडं सोडून थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर तपासणी लागते. तिची यंत्रं मोठ्या प्रयोगशाळांत. बाळ मात्र तालुक्याच्या गावी किंवा त्याही पलीकडच्या पाड्यावर. बाळाला शहरात नेण्याऐवजी त्याचं रक्तच तिकडे पाठवायचं, हा मार्ग त्यातून निघाला. आपल्याकडे २०१० पासून राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात तो वापरात आहे, आणि अशा नमुन्यांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळांत पुण्यात भोसरीला असलेली, पूर्वी 'नारी' या नावाने ओळखली जाणारी संस्थाही आहे.

ही तपासणी होते कशी, तेही पाहू. आई बाळाला उभं धरते, पाय खाली लोंबते राहतील असं. टाच कोमट करून घेतात, म्हणजे रक्त सहज येतं. टाचेच्या कडेला बारीक टोचा मारतात आणि पहिला थेंब कापसाने पुसून टाकतात. जाड टीपकागदासारख्या कार्डावर पाच वर्तुळं छापलेली असतात. प्रत्येक वर्तुळ एकेका थेंबाने पूर्ण भरलं पाहिजे. थेंबावर थेंब पडला किंवा वर्तुळ अर्धवट राहिलं, तर नमुना बाद होतो. मग कार्ड आडवं ठेवून काही तास वाळवतात. ऊन, पंखा, हिटर काही चालत नाही. वाळलेलं कार्ड ओल शोषणाऱ्या पुड्यांसह पिशवीत बंद होऊन प्रयोगशाळेकडे निघतं. बर्फ लागत नाही, खास गाडी लागत नाही.

पहिली तपासणी सहा आठवड्यांनी. ही वेळ मुद्दाम साधलेली आहे, कारण दीड महिन्याच्या लसीला बाळ तसंही दवाखान्यात येतंच. अहवाल पॉझिटिव्ह आला, तर खात्रीसाठी दुसरा नमुना घेतात, पण त्याच्या निकालासाठी औषध अडवून ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अहवाल निगेटिव्ह आला, तरी विषय तिथे संपत नाही. बाळ अंगावर पीत असेतो लागणीचा थोडा धोका राहतोच. म्हणून सहा महिन्यांनी, वर्षाने आणि शेवटी दीड वर्षाने पुन्हा तपासणी. त्या शेवटच्या तपासणीनंतरच बाळ मोकळं झालं असं म्हणायचं.

इथे घरच्यांच्या मनात एक प्रश्न हमखास येतो : मग अंगावर पाजूच नये का? आई औषधं नियमित घेत असेल, तर पहिले सहा महिने निव्वळ अंगावर पाजावं, हाच आपल्याकडचा सल्ला. निव्वळ म्हणजे पाणी नाही, मध नाही, वरचं दूध नाही. पहिल्या सहा महिन्यांत थोडं अंगावरचं आणि थोडं वरचं, असं मिसळून पाजणं जास्त धोक्याचं आहे. जन्मल्यापासून किमान सहा आठवडे बाळाला संरक्षक औषधही द्यायचं असतं. किती दिवस आणि कोणतं, ते आईच्या रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणावरून ठरतं.

लागण निश्चित झाली की बाळाला औषध पाजायची रोजची लढाई सुरू होते. लोपिनावीर-रिटोनावीर हे बरीच वर्षं तान्ह्या मुलांचं मुख्य औषध होतं. त्याचं पातळ औषध कमालीचं कडू, त्यात अल्कोहोल बेचाळीस टक्के, आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागे. ज्या घरात फ्रिज नाही किंवा फ्रिज शेजाऱ्यांचा आहे, तिथे ती बाटली कुठे लपवायची, हा आईपुढचा खरा प्रश्न असे. २०२० च्या नोव्हेंबरात डोल्युटेग्रावीर या एचआयव्हीवरच्या दुसऱ्या औषधाच्या १० मिलिग्रॅमच्या, पाण्यात विरघळणाऱ्या गोळीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची प्राथमिक मान्यता मिळाली. स्ट्रॉबेरीच्या चवीची ही गोळी चार आठवड्यांच्या आणि तीन किलोच्या बाळालाही देता येते. जगभरच्या मुलांसाठी ती बनवणाऱ्या पहिल्या कंपन्यांत मुंबईची मॅक्लिऑड्स आहे.

मात्रा वजनावर ठरते. तीन ते सहा किलोच्या आतल्या बाळाला अर्धी गोळी, सहा ते दहाच्या आत दीड, दहा ते चौदाच्या आत दोन. म्हणून दर भेटीला वजनकाटा महत्त्वाचा. मूल वाढलं आणि मात्रा तीच राहिली, तर औषध अपुरं पडतं आणि विषाणू त्याला दाद देईनासा होतो. सोबत अबाकावीर आणि लॅमिव्हुडीन ही जोडी असतेच. वजन तीस किलोच्या पुढे गेलं की मोठ्यांसारखी दिवसाला एकच गोळी पुरते. सरकारी एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्रात हे सगळं मोफत मिळतं. मोठ्यांसाठी ही सोय १ एप्रिल २००४ ला सुरू झाली, आणि मुलांसाठी स्वतंत्र कार्यक्रम नोव्हेंबर २००६ मध्ये.

तपासणी आहे, औषध आहे, तेही फुकट. तरीही मुलं मागे राहतात, कारण मोठी माणसं गप्प राहतात. सून माहेरी बाळंत होते, नोंद एका गावी आणि बाळ दुसऱ्या गावी, आणि दीड महिन्याची तारीख निघून जाते. दुसऱ्या बाळंतपणात आईचं निदान होतं, पण घरात असलेल्या सात वर्षांच्या थोरल्याची तपासणी करायचं कुणाच्या मनात येत नाही. लागण झालेली काही मुलं उपचारांविना दहा-बारा वर्षांची होतात. वारंवार न्यूमोनिया, तोंडात पांढरे चट्टे, कानाखाली गालाशी सूज, न थांबणारे जुलाब, खुंटलेली उंची, पुन्हा पुन्हा होणारा क्षय : यांतलं काही दिसलं, तर डॉक्टरांनी तपासणी सुचवावी आणि पालकांनी ती नाकारू नये. आई पॉझिटिव्ह असेल, तर तिच्या सगळ्या मुलांची तपासणी झालीच पाहिजे.

मूल शाळेत जायला लागलं की दुसरी लढाई उभी राहते. 'मी रोज गोळी का घ्यायची?' असं ते विचारतं आणि घरचे 'ताकदीची आहे' म्हणून वेळ मारून नेतात. अनुभवी समुपदेशक सुरुवात साधी ठेवतात : तुझ्या रक्तात सैनिक आहेत, एक जंतू त्यांना मारतो, गोळी त्या जंतूला अडवते. रोगाचं नाव नंतर, मुलाची समज वाढेल तसं. सहा ते बारा या वयात हे टप्प्याटप्प्याने सांगून व्हावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. न सांगितलेलं मूल केव्हातरी औषधाच्या डबीवरचं नाव मोबाइलवर शोधतंच. मग रोगापेक्षा घरच्यांनी फसवल्याचं दुःख मोठं होतं आणि गोळी बंद पडते. किशोरवयात उपचार तुटण्यामागे हे एक मोठं कारण आहे.

या मुलांना आधी ओळखलं ते सरकारी यंत्रणेबाहेरच्या माणसांनी. पंढरपूरची पालवी, लातूरजवळ हासेगावचं सेवालय, बीडजवळचं इन्फंट इंडिया या संस्थांनी कुणी घरात घेत नव्हतं अशी मुलं सांभाळली, शिकवली. कायदा मागाहून आला. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार लागणीच्या कारणावरून शाळेत प्रवेश नाकारता येत नाही आणि संमतीशिवाय कुणाची माहिती उघड करता येत नाही. आईबाप गेलेल्या घरात बारा ते अठरा वयाचं समजदार भावंड धाकट्यांचं पालक म्हणून सही करू शकतं, हीही तरतूद त्यात आहे.

वेळेवर ओळखलेलं आणि नियमित औषध घेणारं मूल आज शिकतं, कमावतं, लग्न करतं. योग्य उपचार घेऊन त्याची स्वतःची मुलं एचआयव्हीमुक्त जन्मू शकतात. तुमच्या ओळखीत अशी आई असेल, तर तिला दोनच गोष्टी विचारा : बाळाची दीड महिन्याची तपासणी झाली का, आणि तिचा अहवाल हातात आला का? नसेल आला, तर सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन केंद्रापर्यंत तिच्यासोबत जा. माहितीसाठी १०९७ हा फोन क्रमांक मोफत आहे.

पुढच्या आठवड्यात : क्षय आणि एचआयव्ही एकत्र आले की काय होतं.