शेगडींतील निळी ज्योत

पौषाच्या थंडींत आपल्या छत्रपति संभाजीनगरांत रात्रीं शेगडीभोंवतीं बसणारीं घरें आजहि आहेत. शेगडी चांगली फुलली कीं निखाऱ्यांच्या माथ्यावर फिकट निळी ज्योत नाचूं लागते. ही ज्योत कोळशाची नव्हे. निखाऱ्यांतून वर आलेल्या एका वायूची आहे. तो वायु कोठून येतो आणि किती वेगानें तयार होतो, हा आजचा विषय.

शेगडीच्या जाळींतून हवा आंत शिरते. तळच्या कोळशाशीं तींतील प्राणवायूचा संयोग होऊन कर्बद्विप्राणिल, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, निर्माण होतो व पुष्कळ उष्णता निघते. हा वायु स्वतः जळत नाहीं. परंतु वर जातांना त्याला लालभडक निखाऱ्यांचा थर ओलांडावा लागतो, आणि तेथें तो आणखी कोळसा खातो. एका भागाचे दोन भाग होऊन कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. हा ज्वालाग्राही आहे आणि अत्यंत विषारीहि. फ्रेंच रसायनज्ञ ऑक्टाव्ह बुदुआर यांच्या नांवानें ही क्रिया ओळखली जाते.

येथें दोन प्रश्न निराळे ठेवले पाहिजेत. वर्गांत मुलें त्यांची हटकून गल्लत करीत. हें रूपांतर अखेर कोठवर जाणार, हा एक; तें किती वेगानें होणार, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर उष्णतामान देतें. साध्या वायुभाराखालीं 450 अंश सेंटिग्रेडला मिश्रणांत मोनॉक्साइड शेंकडा दोनच्या आसपास राहतो, 700 अंशांना निम्म्याहून कांहींसा अधिक, आणि 1000 अंशांना जवळजवळ सर्वच. पण हें प्रमाण गाठण्यास वायूला सवड हवी, आणि तो तर निखाऱ्यांतून क्षणार्धांत निसटतो! म्हणून वेगाला महत्त्व. 900 अंशांच्या सुमारास उष्णतामान तीस-चाळीस अंश चढलें, तर वेग साधारणतः दुप्पट होतो. मात्र ही क्रिया उष्णता शोषून घेते, म्हणजे आपली चूल आपणच थंड करते. शिवाय तयार झालेला मोनॉक्साइडहि पुढील क्रियेस मंद करतो. लोणारी कोळसा सच्छिद्र असतो व त्याच्या राखेंतील पोटॅश क्रियेला चालना देतें. म्हणून कठीण कोकपेक्षां तो फार चपळ.

दुसऱ्या महायुद्धांत (1939–45) पेट्रोल दुर्मिळ झालें, तेव्हां हिंदुस्थानांतील पुष्कळ मोटारींना कोळशाची भट्टी जोडण्यांत आली. आमचे वडीलधारे या गाड्यांच्या गोष्टी मोठ्या चवीनें सांगत. भट्टी तापेपर्यंत पंखा फिरवीत बसावयाचें, मग गाडी हलावयाची. वाटेंत फार वेळ थांबल्यास थर निवे आणि वायु दुबळा पडे. त्या वायूंत निम्मा तर निरुपयोगी नत्रवायुच. दौलताबादहून खुलताबादकडे चढणाऱ्या घाटासारख्या चढणीवर अशा गाडीची काय दमछाक होत असेल!

दगडी कोळशाचा असाच वायु करण्याचें 2030 पर्यंतचें लक्ष्य केंद्र सरकारनें 2020 मध्यें दहा कोटि टनांचें ठरविलें. तेथें वाफ व प्राणवायु मुख्य, कारण वाफेची क्रिया अधिक जलद होते. आपल्या देशांतील कोळशांत राख फार; ती कणांवर सांचून वायूची वाट अडविते.

आतां पुन्हां शेगडीकडे येऊं. निळी ज्योत जळत असतां बराचसा मोनॉक्साइड तिच्यांतच संपतो. वर काळा कोळसा ओतला कीं माथा निवतो आणि ज्योत विझते, पण खालच्या थराचें काम चालूच असतें. या वायूला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूहून दोनशेंपट अधिक घट्ट बिलगतो. डोकें जड होतें, गुंगी येते, आणि माणसाला वाटतें, ऊब लागून झोंप येत आहे! धूर नाहीं म्हणून धोका नाहीं, ही समजूत जिवावर बेतते. शेगडी पेटवावी ती गच्चीवर किंवा अंगणांत. आंत आणलीच तर खिडकी उघडी ठेवावी, आणि निजण्यापूर्वीं ती बाहेर नेऊन ठेवावी. राखेनें झांकलेले निखारेहि तासन्‌तास हा वायु सोडीत राहतात.