पुन्हा उभे राहण्याची वाट : सातारा-सांगलीतील ख्रिस्ती श्रद्धा आणि मोडलेली आयुष्ये

मोडलेल्या माणसाला पुन्हा उभे करणे ही ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यातलीच गोष्ट आहे. लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा दाखला मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत सर्वांना पाठ असतो. त्याच शुभवर्तमानात जक्कय नावाच्या जकातदाराची कथा आहे. लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला हा माणूस येशूला भेटल्यावर बदलतो आणि ज्याचे घेतले त्याला चौपट परत करण्याचे कबूल करतो. पहिल्या कथेत क्षमा आहे, दुसरीत भरपाई आहे. पुढे ज्या ज्या ठिकाणी या श्रद्धेने माणसे खरोखर सावरली, तिथे या दोन्ही गोष्टी बरोबरीने होत्या.

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहूनही कमी आहे. तरीही या विषयाचा विचार करायला महाराष्ट्रात याहून चांगला प्रदेश क्वचितच सापडेल. मिरजेचे मिशन हॉस्पिटल, तिथलेच कुष्ठरुग्णालय, वानलेसवाडीचे क्षयरोग आरोग्यधाम, साताऱ्यात कवी ना. वा. टिळकांनी मांडलेला ‘देवाचा दरबार’ आणि पाचगणीच्या टेकड्यांवरच्या संस्था, हे सारे एवढ्या छोट्या टापूत उभे राहिले.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांचे काम साताऱ्यापर्यंत आले. दक्षिणेकडे, कोल्हापुरात, १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर यांनी काम सुरू केले. ते काम १८७० मध्ये अमेरिकेतील प्रेसबिटेरियन मंडळीकडे गेले आणि पुढे सांगली-मिरजेपर्यंत पोहोचले. बाप्तिस्मा घेणाऱ्यांत महार आणि मांग समाजातील कुटुंबे सर्वाधिक होती, ब्राह्मण व मराठा घरांतली माणसे तुरळक. आडनावे तीच राहिली, भाषा तीच राहिली, भाकरी-कालवण तेच राहिले. गावकीतली जागा मात्र अनेकांची सुटली.

त्या काळी ख्रिस्ती होणे म्हणजे आधी एक आयुष्य मोडून घेणे होते. घरचे दार बंद होई, पाणवठा तुटे, बायको-मुले दुरावत. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाऊ नये यासाठी सरकारला १८५० मध्ये कायदा करावा लागला. कायद्याने जमिनीतला वाटा राखला तरी नातेवाईक राखले नाहीत. म्हणून श्रद्धेने आयुष्य सावरते असे म्हणताना तिने काही आयुष्ये आधी विस्कटलीही, हे नोंदवणे प्रामाणिकपणाचे आहे.

नारायण वामन टिळक यांच्या घरात या दोन्ही गोष्टी घडल्या. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार फाटला. लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने अनेक वर्षे पतीपासून दूर राहिल्या. समाजाच्या दृष्टीने त्या ना सवाष्ण, ना विधवा. पुढे त्या नगर जिल्ह्यात टिळकांकडे परतल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. आधी त्यांच्या मनातला जातिभेद गळाला, कोणाच्याही हातचे खाण्या-पिण्याची तयारी झाली आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. नवऱ्याच्या धर्मामागे त्या ओढल्या गेल्या नाहीत. तुटलेले नाते त्यांनी स्वतःच्या अटींवर जोडले. पुढे निराधार मुलांना त्यांनी घरात घेतले, कविता लिहिल्या आणि शेवटच्या काळात ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. त्या आत्मचरित्राचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध झाले. शिक्षण जवळजवळ नसलेल्या आणि दोन जगांत अपमान सोसलेल्या स्त्रीने मराठीतले सर्वश्रेष्ठ म्हणावे असे आत्मचरित्र लिहिणे, हा या विषयातला सर्वांत भक्कम पुरावा आहे.

साताऱ्याचा संबंध टिळकांच्या अखेरच्या पर्वाशी आहे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास स्वीकारला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ या नावाने बंधुसमाज उभारायला घेतला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून या दरबारात बसू शकत होते. परदेशी मिशनच्या आवारात राहून, मिशनच्या पैशावर जगणारा मराठी ख्रिस्ती माणूस पुरता उभा राहत नाही, हे त्यांना उमगले होते. आयुष्य सावरण्यासाठी माणसाला स्वतःची भाषा, स्वतःचे भजन आणि स्वतःची माणसे लागतात. संतांच्या अभंगाचा साचा घेऊन त्यांनी लिहिलेली पदे आजही ‘उपासना-संगीत’ या भजनसंग्रहात आहेत आणि खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या ती टाळ-पेटीवर गातात. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. एका माणसाच्या तेजावर उभे असलेले काम त्याच्यामागे चालवायला जी घडी लागते, ती घालायला त्यांना अवधी मिळाला नाही.

ती घडी मिरजेला बसली. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम जेम्स वॉन्लेस १८८९ च्या अखेरीस पत्नीसह भारतात आले. त्यांची पहिली जागा सांगलीत होती. नंतर ते मिरजेला गेले आणि १८९४ मध्ये तिथे रुग्णालयाची इमारत उभी राहिली. जमीन संस्थानिकांकडून मिळाली, बांधकामाचा पैसा फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांनी दिला. मोतीबिंदू, मूतखडा आणि पोटातल्या गाठींच्या शस्त्रक्रियांसाठी दूरदूरच्या मुलखातून बैलगाड्या आणि आगगाड्या मिरजेला येऊ लागल्या. १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू झाली. वॉन्लेस यांना १९२८ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली आणि १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले. तोवर मिरज हे नाव दवाखान्याशी कायमचे जोडले गेले होते. १९६२ मध्ये मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी हेच रुग्णालय हाताशी होते. आजच्या मिरजेतली डॉक्टरांची दाटी याच मुळावर वाढली आहे.

मोडलेले आयुष्य सावरण्याच्या दृष्टीने मात्र शस्त्रक्रियांपेक्षा शिकवण्याचे काम मोठे ठरले. १८९६ नंतरची काही वर्षे या भागावर ओळीने संकटे आली. प्लेगने सातारा जिल्हा होरपळला, १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी अनाथ मुले आणि निराधार बायका मागे ठेवल्या. मिशनच्या वसतिगृहांनी, उद्योगशाळांनी अशांना अन्न दिले, पण अन्नावर थांबता येत नव्हते. सांगलीच्या शाळेत मुलगे सुतारकाम, लोहारकाम आणि पुढे सुधारित शेती शिकले. मिरजेत मुली परिचारिका झाल्या. परक्या पुरुषाच्या जखमेला हात लावणे सवर्ण घरांना तेव्हा विटाळाचे वाटे, त्यामुळे हा पेशा बराच काळ ख्रिस्ती मुलींच्याच वाट्याला राहिला. जिला गावाने टाकले ती रुग्णालयात गणवेश घालून उभी राहिली आणि गावातलीच माणसे आजारपणात तिच्या हातून पाणी घेऊ लागली. प्रवचनाने जे साधले नसते ते पगार, कौशल्य आणि या बदललेल्या नात्याने साधले.

कुष्ठरोगाइतके आयुष्य मोडणारा दुसरा आजार त्या काळात नव्हता. १८९८ च्या कायद्याने कुष्ठरुग्ण भिकाऱ्यांना पकडून वेगळे ठेवण्याची तरतूद केली होती. मिरजेत १९०० च्या सुमारास रिचर्डसन कुष्ठरुग्णालय सुरू झाले. वेलस्ली बेली यांनी १८७४ मध्ये स्थापन केलेल्या आणि आज ‘लेप्रसी मिशन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या जाळ्यात ते आहे. सुरुवातीला उपचार म्हणजे चालमोगऱ्याचे तेल, जखमा धुणे आणि निवारा. गुण येण्याची खात्री नव्हती, तरी पट्टी बांधणारा हात रोज यायचा. १९४० च्या दशकात डॅप्सोन आले, १९४८ च्या सुमारास वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी आखडलेल्या बोटांवर स्नायुबंध जोडण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या आणि १९८० च्या दशकात बहुऔषधी उपचारांनी रोग पूर्ण बरा होऊ लागला. ब्रँड यांना लवकरच दिसले की हात सरळ झाला तरी काम मिळत नाही, काम नसले की माणूस पुन्हा रस्त्यावर येतो. म्हणून वेल्लोरला बऱ्या झालेल्या रुग्णांसाठी कामाची शाळा निघाली. १८९८ चा कायदा अखेर २०१६ मध्ये रद्द झाला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहू नये ही दुरुस्ती थेट २०१९ मध्ये झाली. औषध आले तरी कायद्यातला कलंक पुसायला पुढची कित्येक दशके गेली. त्या मधल्या काळात रुग्णाला माणूस म्हणून वागवणारी ठिकाणे मोजकी होती आणि त्यांतली बरीच ख्रिस्ती होती.

सांगली आणि मिरजेच्या दरम्यान वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. तिथे उपचार महिनोन् महिने चालत. घर सुटलेल्या रुग्णाला सोबत आणि प्रार्थना यांचा आधार औषधाइतकाच लागे.

सातारा-सांगलीबाहेरचा एक दाखला इथे टाळता येत नाही. पंडिता रमाबाईंचे आई-वडील दुष्काळात गेले, भाऊ १८८० मध्ये गेला, पती १८८२ मध्ये. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. परतल्यावर त्यांनी आधी शारदा सदन आणि मग पुणे जिल्ह्यातील केडगावला ‘मुक्ती’ उभारले. दुष्काळात वाचवून आणलेल्या सुमारे दोन हजार स्त्रिया आणि मुली तिथे राहिल्या. विणकाम, छपाई, शेती, दुग्धव्यवसाय शिकल्या. रमाबाईंनी स्वतःचे दुःख कवटाळले नाही की त्या ते विसरल्याही नाहीत. त्यातूनच त्यांना दुसरीची गरज नेमकी कळत गेली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाचगणीला या विषयाचे वेगळे रूप दिसते. फ्रँक बुकमन या अमेरिकन लुथरन धर्मोपदेशकाने ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ नावाची चळवळ चालवली होती. रोज शांत बसून अंतर्मन तपासणे, चुका मोकळेपणाने कबूल करणे आणि ज्याचे नुकसान केले त्याची भरपाई करणे, हा तिचा शिरस्ता. याच वर्तुळात वावरलेल्या दोन मद्यासक्त माणसांनी १९३५ मध्ये अमेरिकेत ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही व्यसनमुक्तीची संघटना सुरू केली. तिच्या बारा पायऱ्यांत जक्कयाची भरपाई जशीच्या तशी आहे. १९५७ मध्ये ही संघटना मुंबईत आली. बुकमन यांच्या चळवळीचे पुढचे रूप म्हणजे नैतिक पुनरुत्थानाची चळवळ. तिचे ‘एशिया प्लॅटो’ हे केंद्र १९६० च्या दशकाच्या अखेरीस राजमोहन गांधी यांच्या पुढाकाराने पाचगणीत उभे राहिले. ते सर्व धर्मांच्या माणसांसाठी खुले आहे. पाचगणीचेच बेल-एअर हे मुळात एका पारशी डॉक्टरांनी १९१२ मध्ये काढलेले क्षयरोग आरोग्यधाम. पुढे ते रेडक्रॉसकडे आले आणि अलीकडच्या दशकांत कॅथलिक धर्मगुरूंच्या व्यवस्थापनाखाली एचआयव्हीग्रस्तांचा मोठा आधार झाले. एप्रिल २००४ मध्ये सरकारने मोफत औषधे द्यायला सुरुवात केली, त्याआधी अशा रुग्णाला दाखल करून घेणारी रुग्णालये शोधावी लागत.

संस्थांइतकेच महत्त्व लहान मंडळ्यांतल्या रविवारच्या उपासनेला आहे. तिथे ‘साक्ष’ देण्याची प्रथा असते. माणूस उठतो आणि दारू, मारहाण, कर्ज, आत्महत्येचा विचार, जे काही होऊन गेले ते सर्वांसमोर सांगतो. लपवण्याची गोष्ट बोलण्याची होते. आठवड्याला तीच माणसे भेटतात, न आल्यास कोणीतरी घरी विचारायला येते. सातारा-सांगलीच्या गावांत दारू सोडायची तर ‘माळ घालण्याची’ जुनी वारकरी वाट आहे; माळकऱ्याला सगळे गाव ओळखते आणि तेच त्याला सांभाळते. श्रद्धा वेगळ्या असल्या तरी दोन्हीकडे सर्वांसमोर दिलेला शब्द आणि तो जपणारी सोबत हेच बळ आहे.

या वाटेला मर्यादाही आहेत. दलित समाजातून ख्रिस्ती झालेल्यांना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. त्यामुळे श्रद्धेने मिळालेली प्रतिष्ठा शिक्षण-नोकरीत उतरवणे त्यांना अवघड जाते. परदेशी मदत आटल्यावर मिशनच्या अनेक संस्थांची ओढाताण झाली. शिवाय सावरण्याची वाट केवळ श्रद्धेतूनच जाते असेही नाही. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ या संस्थेने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना संघटित केले ते हक्कांच्या भाषेत.

सर्वांत गंभीर प्रश्न चमत्काराने रोग बरे करण्याच्या दाव्यांचा आहे. अंधश्रद्धेविरुद्ध लढलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात तरी हा प्रश्न टाळून चालणार नाही. त्यांच्या खुनानंतर २०१३ मध्ये झालेला जादूटोणाविरोधी कायदा कोणत्याही धर्माच्या भोंदूगिरीला लागू आहे. मानसिक आजार, अपस्मार, मधुमेह, एचआयव्ही यांत प्रार्थनेच्या भरवशावर गोळ्या थांबवल्या तर सावरलेला माणूस पुन्हा कोसळतो. मिरजेच्या परंपरेत प्रार्थना शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी होत असे, तिच्या जागी नव्हे. ज्या पाळकांकडे दुःखी माणसे विश्वासाने येतात, त्यांनी प्रत्येक प्रार्थनासभेत व्यासपीठावरून स्पष्ट सांगावे : डॉक्टरांचे औषध चालू ठेवा, आणि रविवारीही या.